आधी भाडं, मग ड्रायव्हर, गाडी शेवटी: कोकणातून गोवा-कर्नाटकात मालवाहतूक सुरू करताना

आंब्याचा मोसम संपत आला की दर वर्षी ओळखीतला कोणीतरी मुलगा विचारायला येतो. "दादा, गाडी घ्यायची म्हणतोय. टाटा बरी की आयशर?" मी उलट विचारतो, भाडं कुठलं आहे? परत येताना काय भरणार? चालवणार कोण, आणि त्याला काय देणार? पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असतं, पुढच्या दोन्हींचं नसतं. डाउन पेमेंटचे पैसे मात्र जमलेले असतात.

पत्रादेवी ओलांडून गोव्यात आणि पुढे पोळे-माजाळीवरून कारवार, मंगळूरकडे जाणारा धंदा एका गाडीवर उभा राहू शकतो. कुडाळ, सावंतवाडी, राजापूर, रत्नागिरीतली कितीतरी घरं त्यावर चालतात. पण तो ज्या क्रमाने सुरू करायचा, त्याच्या नेमका उलटा क्रम लोक धरतात. म्हणून हा लेख भाड्यापासून सुरू होतो आणि गाडी बरीच खाली येते.

भाडं आधी, आणि परतीचं भाडं त्याहून आधी

महिनाभर फक्त विचारपूस करा. कुडाळ, मिरजोळे, खेर्डी, लोटे, महाड या औद्योगिक वसाहतींतून गोव्याकडे काय जातं आणि वेर्णा, कुंडईहून इकडे काय येतं, हे गेटवरच्या रजिस्टरवाल्याला आणि चहाच्या टपरीवाल्याला सगळ्यात चांगलं ठाऊक असतं. मोसमी माल वेगळा धरा. मार्च ते मे आंबा, त्याच सुमाराला काजू बी, ऑगस्टपासून मासळी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, त्यामुळे फक्त मासळीच्या भरवशावर गाडी घेणाऱ्याचे दोन महिने कोरडे जातात. हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागतो.

मासळी न्यायची तर साधा हौदा (गाडीचा माल भरायचा मागचा भाग) आणि वर बर्फ, एवढ्यावर आता भागत नाही. 2018 मध्ये मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे घातक रसायन मारतात, हे प्रकरण पेटलं, तेव्हा गोव्याने बाहेरून येणाऱ्या मासळीसाठी इन्सुलेटेड गाडी आणि अन्न व औषध प्रशासनाकडची नोंदणी मागायला सुरुवात केली. सिंधुदुर्गातल्या किती गाड्या तेव्हा सीमेवरून परतल्या, ते इथल्या व्यापाऱ्यांना विचारा. अन्नपदार्थ वाहणाऱ्याला अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी लागते, तीही आधीच करून ठेवा. लोट्याचं रसायन उचलायचं असेल तर ड्रायव्हरने धोकादायक मालाचं प्रशिक्षण घेतलेलं आणि लायसन्सवर तशी नोंद असलेली हवी. वाळूच्या वाटेला मी स्वतः जात नाही. पासाशिवाय पकडली तर महसूलवाले गाडीच अडकवून ठेवतात.

नॅशनल परमिटचा, म्हणजे दुसऱ्या राज्यांत माल नेण्याच्या परवान्याचा, एक नियम नव्या माणसाला माहीत नसतो. महाराष्ट्राची गाडी कुडाळहून मडगावला माल नेऊ शकते, मडगावहून कुडाळला आणू शकते, पण मडगावात भरून म्हापशात उतरवू शकत नाही. दुसऱ्या राज्यातल्या दोन ठिकाणांमधली वाहतूक तिथल्याच गाड्यांची. म्हणजे गोव्यात रिकामी झालेली गाडी मधली छोटी खेप मारून पैसे काढील, असा हिशेब मांडू नका.

एक फेरी कागदावर चालवून बघा

खालचे भाव मी समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. गाडी आणि माल मिळून साडेसात टनाच्या आतली गाडी, कुडाळ ते मंगळूर, जाऊन-येऊन सुमारे 900 किलोमीटर, तीन दिवसांची फेरी. महिन्याला अशा सहा फेऱ्या.

डिझेल: लिटरला 8 किलोमीटर आणि 90 रुपये भाव धरला तर 10,125 रुपये. टोल 1,500. टायर: सहा टायर, प्रत्येकी 10,000 रुपये, 60,000 किलोमीटर चालले असं धरलं तर किलोमीटरला 1 रुपया, म्हणजे 900. ऑइल, ब्रेक लायनर, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), किरकोळ काम किलोमीटरला 2 रुपये, म्हणजे 1,800. ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला 500, तीन दिवसांचे 1,500. हा झाला फेरीचा खर्च, 15,825 रुपये.

आता गाडी दारात उभी असली तरी होणारा खर्च. 10 लाखांचं कर्ज, पाच वर्षं, 11 टक्के, हप्ता साधारण 21,750. विमा, टॅक्स, परमिट, फिटनेस (गाडी चालवण्याजोगी असल्याचा दाखला) मिळून वर्षाला 84,000 धरले तर महिन्याला 7,000. ड्रायव्हरचा पगार 18,000. एकूण 46,750. सहा फेऱ्यांवर वाटले की फेरीला सुमारे 7,800.

म्हणजे एक फेरी 23,625 रुपयांना पडली. जातानाचं भाडं 17,000 मिळालं आणि गाडी रिकामी परतली तर फेरीला 6,625 रुपये खिशातून गेले. येताना कौलं किंवा प्लायवूड भरून 10,000 मिळाले तर 3,375 सुटले. सहा फेऱ्यांचे 20,250. जे काही कमवायचंय ते सगळं परतीच्या भाड्यात आहे, हे एवढ्या चार ओळींत दिसतं.

पुढचा हिशेब पावसाचा. जून ते ऑगस्ट फेऱ्या तीनवर आल्या की 46,750 तिघींवरच वाटायचे. फेरीला 15,583 येतात, एकूण खर्च 31,400 च्या वर जातो आणि हातात येतात 27,000. महिन्याला 13,000 हून जास्त तूट, तीन महिन्यांत जवळपास 40,000. ही रक्कम मार्च ते मे या महिन्यांत वेगळ्या खात्यात टाकायची आणि तिला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी मी ती टाकली नव्हती. ऑगस्टचा हप्ता भरायला बायकोच्या पाटल्या सोसायटीत ठेवाव्या लागल्या.

ड्रायव्हरचा पगार: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

वरच्या हिशेबात पगार मी नफ्यातून काढलेला नाही, हप्त्याच्या रांगेत बसवलाय. बरेच नवे मालक उरलं तर पगार देऊ अशा मनाने सुरुवात करतात, आणि चौथ्या महिन्यात गाडी उभी राहते.

माझ्याकडे आलेल्या पहिल्या जाणत्या ड्रायव्हरने खुर्चीत बसायच्या आधी सांगितलं होतं, "शेट, पगार किती ता मागीर सांगा, आदी तारीख सांगा." मुलीची फी दहा तारखेला भरावी लागायची. आधीचा मालक चांगला पगार देत होता, पण कधी बारा तारखेला, कधी पंचवीसला. मी सात तारीख दिली आणि पाळली. तो सहा वर्षं राहिला.

पगाराच्या रीती अनेक आहेत. प्रत्येक रीत रस्त्यावर वेगळं वागणं शिकवते, म्हणून नीट बघा.

खेपेवर पैसे दिले की ड्रायव्हर खेपा वाढवायला बघतो. जवळच्या गोवा फेरीला ते चालतं. मंगळूरच्या अंतराला तो झोप कापतो, आणि ते गाडीच्या पुढच्या काचेतून कोणालाच दिसत नाही. किलोमीटरवर दिले तर फॅक्टरीच्या गेटवर दोन दिवस थांबलेल्या माणसाला त्या दोन दिवसांचं काही मिळत नाही, आणि ती थांबणूक त्याच्या हातात नसते. भाड्याचे टक्के ठरवले तर पावसाळ्यात त्याच्या घरची चूलच मंदावते. धंद्याची जोखीम ज्याच्या नावावर गाडी आहे त्याने उचलावी, पगारी माणसावर ती टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात वाईट रीत ठोक खर्चीची. डिझेल, टोल, जेवण सगळ्याचे मिळून अमुक पैसे घे, वाचेल ते तुझं. ऐकायला सोपी वाटते. मग डिझेल वाचवायला घाटउतारावर गाडी न्यूट्रलवर सोडली जाते. आंबोली उतरताना भरलेली गाडी न्यूट्रलवर असली की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनरचा जळका वास येतो, आणि खालच्या वळणाला पेडल दाबून गाडी थांबत नाही. आताच्या इंजिनांत गिअरमध्ये राहून पाय काढला तर उताराला डिझेल जवळजवळ जातच नाही, त्यामुळे न्यूट्रल टाकून काही वाचतही नाही. ड्रायव्हरला हे शेजारी बसून, मायलेज दाखवून सांगावं लागतं. चढताना ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला उतरायचं, ही जुन्या लोकांची शिकवण आजही पुरते.

मी जे करतो ते असं. ठरलेला महिन्याचा पगार, गाडी चालो न चालो. घराबाहेरच्या प्रत्येक दिवसाचा भत्ता, निघतानाच हातात. भरताना-उतरवताना एका दिवसावर थांबावं लागलं तर थांबणुकीचे वेगळे पैसे, आणि तेवढेच मी माल पाठवणाऱ्याकडून मागतो. महिनाभर गाडीला ओरखडा नाही, माल ओला नाही, तर वर एक छोटी रक्कम. पगार बँकेत, भत्ता रोख. पगाराचा आकडा ठरवताना राज्य सरकारच्या किमान वेतनाचा कुशल कामगाराचा दर बघा. त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. त्याच्या खाली जाणं बेकायदा आहे, आणि त्या पैशात घाट जाणणारा माणूस टिकतही नाही.

उचल हा भांडणाचा सगळ्यात मोठा झरा. उचल द्यावीच लागते, घरात आजारपण, लग्नकार्य येतं. पण एक लांब वही ठेवा. तारीख, रक्कम, कशासाठी, दर महिन्याला किती कापायची, आणि दोघांच्या सह्या. माझ्याकडे एकदा वही नव्हती. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आठ हजार फिटले होते, माझ्या म्हणण्याप्रमाणे पाच. तीन हजारांपायी चांगला माणूस हातखंब्याला चावी काउंटरवर ठेवून एसटीने घरी गेला. गाडीत काजू भरलेला होता. कोण खरं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

दंडाचंही आधीच बोला. कागद संपले, माल जास्त भरला, लाइट गेली, हा दंड मालकाचा. मोबाइल कानाला, सिग्नल तोडला, बेल्ट नाही, हा ड्रायव्हरचा. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याने 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. पार्टी, म्हणजे माल देणारा, म्हणेल, थोडं घाला वर, नेहमीचंच आहे. नाही म्हणायचा अधिकार ड्रायव्हरला द्या आणि तो त्याने वापरला की त्याच्या मागे उभे राहा.

कामाचे तास दिवसाला आठ आणि आठवड्याला 48, हा 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासूनचा दंडक. लांबच्या फेरीला तो पाळायचा तर वेळापत्रक तुम्ही तसं लावायला हवं, "सकाळपर्यंत पोच" असा शब्द पार्टीला देऊन चालणार नाही. रात्री एक ते पाच गाडी उभी ठेवायची, एवढं तरी मी सोडत नाही. मासळीला ते जमत नाही, म्हणून मासळीच्या गाडीवर दोन ड्रायव्हर आणि दोघांचा पगार भाड्यात धरलेला.

आणि गणपती, शिमगा. कोकणातला ड्रायव्हर या दोन सणांना घरी असणारच, त्याला अडवू नका. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना तशीही बंदी येते. फिटनेस, सर्व्हिसिंग, हौद्याचं वेल्डिंग, रंग ही सगळी कामं त्या आठवड्यात लावा. पगार कापू नका.

विम्यात पगारी ड्रायव्हर आणि क्लीनरचं कव्हर घेतलंय का, ते पॉलिसीवर बोट ठेवून वाचा. शिवाय ड्रायव्हरच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे 20 आणि जीवन ज्योतीचे 436 रुपये वर्षाला जातात, प्रत्येकी 2 लाखांचं संरक्षण मिळतं. हे 456 रुपये मी भरतो.

आता गाडी

साडेसात टन एकूण वजनापर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिला. त्यामुळे या वर्गात माणूस मिळणं सोपं झालं. पण पिकअप चालवणारा मुलगा लगेच घाटात चार टन घेऊन जाऊ शकतो असं त्यातून समजू नका. त्याच्या शेजारी दोन फेऱ्या जुना माणूस बसवा. एकूण वजन 3,000 किलोच्या आत असेल तर परमिटच लागत नाही, पण फिटनेस, विमा, पिवळी पाटी हे सगळं लागतंच. मोठ्यात जायचं तर दोन अ‍ॅक्सलला 18.5 टन आणि तीन अ‍ॅक्सलला 28.5 टन, ही 2018 मध्ये वाढवलेली मर्यादा. पहिलीच गाडी दहा चाकी घेऊ नका.

जुनी घेत असाल तर कोकणातली घेताना चेसिसखाली झोपून बघा. खारी हवा आणि मासळीचं पाणी क्रॉस मेंबरला (चेसिसच्या आडव्या पट्ट्यांना) आणि हौद्याच्या खालच्या पट्ट्यांना आतून खातं. वरून ताजा काळा रंग मारलेला असतो, हातोडीने हलकं ठोकलं की पापुद्रे पडतात. घाटमाथ्यावरची, कोल्हापूर-कराडकडची गाडी यात बरी निघते. नावावर करताना फॉर्म 29 आणि 30, कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म 35, दुसऱ्या आरटीओतून आली तर फॉर्म 28. विमा 14 दिवसांत स्वतःच्या नावे वळवायचा. थकलेले ई-चलान आधी बघा, नंतर ते तुमच्या गळ्यात येतात. वयही मोजा: 12 वर्षांवरच्या गाडीला नॅशनल परमिट मिळत नाही, मल्टिअ‍ॅक्सलला (दोनाहून जास्त अ‍ॅक्सलच्या गाडीला) 15 वर्षांपर्यंत.

नवी घेणाऱ्याला एक चांगली गोष्ट: 1 ऑक्टोबर 2025 पासून साडेतीन टनांवरच्या नव्या मालवाहू गाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात झोपून उठलेला ड्रायव्हर आणि डोळ्याला डोळा न लागलेला ड्रायव्हर, यातला फरक ज्याने भोगलाय त्याला कळेल. बँकेत साध्या कर्जाआधी सरकारच्या मुद्रा योजनेचं विचारा, आणि पात्र असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना.

कागद

नॅशनल परमिटची एकत्रित फी वर्षाला 16,500 आणि अधिकारपत्राचे 1,000. फास्टॅग हवाच. नव्या गाडीला फिटनेस दोन वर्षांचं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दर वर्षी. थर्ड पार्टी विम्याचा दर 2022 च्या दरपत्रकात साडेसात टनापर्यंत 16,049 रुपये आणि 12 ते 20 टनांना 35,313 होता, त्यावर कर वेगळा.

जीएसटीचं घाबरू नका. तुम्ही गाडी ट्रान्सपोर्टवाल्याला भाड्याने लावता आणि बिल्टी (माल वाहून नेण्याची पावती) तो फाडतो, तोवर ते काम त्याचं. स्वतः बिल्टी काढायला लागलात की जीएसटी आणि 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याखालची नोंदणी दोन्ही बघावं लागतं, पहिल्या वर्षी त्यात पडू नका. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याने पॅनसह लेखी कळवलं तर भाड्यातून टीडीएस कापत नाहीत, ते पत्र प्रत्येक पार्टीला द्या. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते. ती असली की पैसे 45 दिवसांत मागायचा कायदेशीर आधार मिळतो.

ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन पास, 50,000 रुपयांवरच्या मालाला लागतं आणि दर 200 किलोमीटरला एक दिवस चालतं. मंगळूरच्या 450 किलोमीटरला तीन दिवस मिळतात. दरड पडून रस्ता अडला तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घेता येते. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घातला तर बिलाच्या दुसऱ्या भागात गाडीचा नंबर बदलायला विसरू नका. आमचा तो एकदा राहिला आणि कारवारच्या पुढे अख्खी रात्र उभं राहावं लागलं.

महाड-रोहा भागातल्यांनी कोकण रेल्वेची रो-रो लक्षात ठेवावी. कोलाडहून ट्रक वॅगनवर चढवून 1999 पासून वेर्ण्याला आणि 2004 पासून सुरतकललाही नेतात. टायर, डिझेल, घाट सगळं वाचतं. ड्रायव्हर गाडीबरोबरच असतो, तेव्हा त्या दिवसांचा भत्ता द्यायचा.

पहिली फेरी

पहिल्या फेरीला स्वतः जा. ताडपत्री दोन, चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे, जॅक, एक जादा पंखापट्टा. ब्रोकरचं भाडं असेल तर भरतानाच मोठा हिस्सा आगाऊ घ्या. बाकी पोच आल्यावर मिळते, म्हणून पोचवर शिक्का, सही आणि फोटो घेतल्याशिवाय तिथून हलू नका. हमाली आणि वराई (माल भरण्या-उतरवण्याची मजुरी) कोणाची, हे फोनवर नाही, मेसेजवर लिहून घ्या.

गोव्यातून परतताना एक गोष्ट ड्रायव्हरला गाडीत बसायच्या आधी सांगा. कोणी मित्र म्हणेल, दोन खोकी सीटमागे टाक, बांद्याला देऊ. सीमेवर उत्पादन शुल्कवाले बघतात, आणि दारू सापडली तर गुन्हा ड्रायव्हरवर आणि गाडी जप्त. सोडवायला महिने जातात, हप्ता चालू राहतो. हौदा भरताना तुम्ही किंवा तो, कोणीतरी एक जण प्रत्येक खोकं आत जाताना बघायलाच हवा.

घरी पोचलात की त्याच दिवशी, अंघोळीआधी, ड्रायव्हरला समोर बसवून वही उघडा. किती किलोमीटर, किती लिटर, टोल किती, थांबलो कुठे, त्याच्या हातात काय उरलं, तुमच्या हातात काय. त्याच्या खिशातून काही गेलं असेल तर तिथेच द्या, आणि पुढच्या खेपेची तारीख त्याला विचारून लिहा.